पाणीपातळी अर्ध्या मीटरने वाढवली की पूरक्षेत्र एकदम दुपटीकडे जातंय. जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांच्या कामात) चूक कुठे असेल?

उभाछेद

नदीचा १८ किमीचा पट्टा आहे. लायडारचा (विमानातून लेसरने केलेल्या मोजणीचा) १ मीटर पिक्सेलचा जमिनीच्या उंचीचा रास्टर, म्हणजे उंचीच्या आकड्यांची चौकोनी जाळी आहे. तो जड जात होता म्हणून सरासरी घेऊन ५ मीटरचा केला. गेज (नदीची पातळी मोजायचं ठिकाण) खालच्या टोकापासून ६ किमीवर आहे, त्याच्या शून्याची उंची ५४१.२० मी. नदीचा उतार किलोमीटरला साधारण ४० सेंमी. गेजवर ६ मी ते १० मी या टप्प्यात दर अर्ध्या मीटरला पूरक्षेत्र काढायचं आहे, म्हणजे ९ नकाशे.

सध्याची पद्धत: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये '५४१.२० अधिक गेजचं वाचन' यापेक्षा ज्या पिक्सेलची उंची कमी तो ओला. मग ओल्या भागाचे पॉलिगॉन (बंद आकृत्या) करून क्षेत्रफळ.

अडचणी तीन. नदीशी काही संबंध नसलेली डबकी सगळीकडे दिसतात. पट्ट्याच्या वरच्या टोकाला नदीचं पात्रसुद्धा कोरडं राहतं आणि खालच्या टोकाला पाणी पार टेकडीच्या पायथ्याला लागतं. तिसरी अडचण मुख्य: गेजच्या आसपासच्या ६ किमीत ७.० मीटरला ११.३ चौ. किमी भरतं आणि ७.५ ला थेट १९.६. त्यानंतर वाढ पुन्हा सावकाश. डाव्या काठाला मातीचा पूरबांध आहे, तोच ओलांडला जातोय हे दिसतं. पण ही उडी खरी धरायची का?

---

कर्णरेषा

उडी खरी असते, पण ती ७.५ ला येते यावर विश्वास ठेवू नका. पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं आणि माथा तुम्ही सरासरी घेताना खाली आणलाय.

हिशोब करून बघा. बांधाचा माथा ३ मी रुंद, उंची २ मी आणि बाजूचा उतार २:१ (आडवे २, उभा १) धरू. ५ मीटरचा पिक्सेल नेमका माथ्यावर मध्यभागी बसला तर त्यात ३ मी पूर्ण उंचीचे आणि दोन्हीकडचा एकेक मीटर उताराचा येतो. सरासरी उंची फक्त १० सेंमीने घटते. पण माथा दोन पिक्सेलमध्ये अर्धा अर्धा विभागला गेला, तर प्रत्येकात दीड मीटर माथा आणि साडेतीन मीटर उतार. उताराच्या भागात सरासरी ८७ सेंमीची घट, ती पूर्ण पिक्सेलवर पसरली की ६१ सेंमी. म्हणजे २ मीटरचा बांध रास्टरमध्ये १.४ मीटरचा झाला. तुमची पायरी ५० सेंमीची आहे, म्हणजे चूकच पायरीपेक्षा मोठी. शिवाय बांध पिक्सेलच्या जाळीला तिरका गेला की घट जागोजागी बदलते, माथा करवतीसारखा दिसतो आणि पाणी सगळ्यात खोल दातातून आत शिरतं.

उपाय: जमीन सरासरीनेच ५ मीटरवर आणा, पण बांधाची रेषा वेगळी आखून तिची उंची मूळ १ मीटरच्या रास्टरवरून घ्या. रेषेच्या दोन्ही बाजूंना २ मीटरचा पट्टा (बफर), त्यातली कमाल उंची दर ५ मीटरला. मग ती ५ मीटरच्या रास्टरवर चढवा. रेषेचं रास्टर करताना 'ऑल टच्ड' (रेषा जिथे जिथे स्पर्श करते ते सगळे पिक्सेल धरणं) हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर तिरक्या बांधाचे पिक्सेल फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहतात आणि पाणी त्या कोपऱ्यातून कर्णाने पलीकडे जातं.

बांधावर झाडं किंवा कठडे असतील तर कमाल उंची फसवी निघते. अशा ठिकाणी सलग ७–८ बिंदूंचं मध्यक घेतलेलं बरं.

उडी नेमकी कुठे आहे ते बघायला ७.० ते ८.५ या टप्प्यात पायरी ५ सेंमीची करा. अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांवर सांडपातळी (पाणी बांधावरून सांडू लागतं ती गेजची पातळी) कळतच नाही, ती दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी असते इतकंच कळतं.

---

आडवाछेद

बांधाचं वर आलंच आहे. पण त्याआधी दुसरी अडचण सोडवा, कारण सपाट पातळी हीच मुळात चूक आहे. वरचं टोक गेजपासून १२ किमीवर, म्हणजे तिथलं पाणी गेजपेक्षा ४.८ मी उंच असायला हवं. खालचं टोक ६ किमीवर, तिथे २.४ मी खाली. तुम्ही दोन्हीकडे एकच आकडा लावताय.

पाण्याचा पृष्ठभाग तिरका करून घ्यायचा. त्याची रीत:

नदीची मध्यरेषा आखा आणि तिच्यावर दर ५० मीटरला बिंदू टाका. लायडारचा किरण सहसा पाण्यात शिरत नाही, त्यामुळे पात्रात तुम्हाला मिळालेली उंची ही उड्डाणाच्या दिवशीच्या पाण्याची आहे, तळाची नाही. खोलीसाठी हे वाईट, पण इथे सोयीचं. प्रत्येक बिंदूभोवती १० मीटरमधली किमान उंची घ्या. खाली जाताना उंची वाढलेली दिसली तर वरच्या बिंदूचाच आकडा पुढे न्या. मग थोडं गुळगुळीत करा, मात्र बंधाऱ्याजवळची पायरी पुसू नका, ती खरी असते.

आता आडव्या रेषा. प्रवाहाला काटकोनात, दर २००–३०० मीटरला, वळणावर आणि पुलाजवळ जास्त दाट. दोन्ही टोकं पुराच्या बाहेरच्या उंच जमिनीवर टेकली पाहिजेत आणि दोन रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत. वळणाच्या आतल्या बाजूला हीच चूक हमखास होते. तिथे रेषा सरळ ठेवायचा हट्ट नको, पूरमैदानात ती वाकवा. प्रत्येक रेषेला मध्यरेषेवरची पाणीपातळी द्या, रेषेवर दर १० मीटरला शिरोबिंदू टाका आणि टीआयएन इंटरपोलेशन (बिंदूंना त्रिकोणांनी जोडून मधल्या उंची काढणं) करा. शिरोबिंदू विरळ राहिले तर त्रिकोण भलत्याच दोन रेषांना जोडतात आणि पाण्यावर उतरणी-चढणी दिसायला लागतात.

जमिनीच्या उंचीतून हा पृष्ठभाग वजा केला की प्रत्येक पिक्सेल 'त्या दिवशीच्या नदीपेक्षा किती वर' ते सांगतो. उड्डाणाच्या दिवशी गेज किती होतं ते नोंदीतून काढा. समजा १.१० मी होतं, तर गेजवरच्या ८.० मीटरसाठी या सापेक्ष रास्टरवर ६.९० ची पातळी लावायची. ८.० नाही. ही वजाबाकी विसरली की सगळे नकाशे एका मीटरने फुगतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

डबकी काढून टाकायला ग्रास या सॉफ्टवेअरचं आर-लेक हे साधन वापरू नका असं माझं मत. ते आजूबाजूचे आठही पिक्सेल जोडतं, म्हणजे कर्णरेषा यांनी सांगितलेली कोपऱ्याची गळती तिथे होतेच. त्याऐवजी ओले पिक्सेल १ आणि कोरडे 'नल' (आकडा नसलेले) करा (० ठेवलं तर कोरड्या जमिनीचेही गट पडतात), मग सलग पिक्सेलचे गट पाडणारं आर-क्लम्प चालवा, कर्णाचा पर्याय बंद ठेवून. नदीच्या मध्यरेषेला स्पर्श करणारे गट ठेवा, बाकीचे उडवा.

एक मर्यादा आहे. यात मोठ्या पुराचं पाणी लहान पाण्याला समांतर वर चढतं असं आपण धरलंय. अरुंद घळीच्या किंवा पुलाच्या वरच्या अंगाला फुगवटा येतो आणि तिथे पाणी जास्त चढतं. पुराच्या खुणांची उंची मोजलेली असेल तर प्रत्येक खुणेला 'खुणेची उंची वजा मूळ पृष्ठभाग वजा गेजमधली वाढ' काढा आणि किलोमीटरनुसार मांडा. शून्याच्या आसपास राहिलं तर समांतर चालेल. एखाद्या पुलाच्या वर सलग अर्धा मीटर जास्त येत असेल तर खुणांवरून दुसरा, पुराचा पृष्ठभाग बनवा आणि मधल्या पातळ्या दोन्हींमधून प्रमाणात काढा. खुणा गेज ९.४० च्या असतील तर ८.० साठी वजन ६.९ भागिले ८.३, म्हणजे ०.८३ पुराच्या पृष्ठभागाला.

---

मोरीखालचा

दोघांचंही बरोबर, पण रास्टरमध्ये दोन गोष्टी उलट्या बसलेल्या असतात. पुलाखालून पाणी जातं तरी पुलाचा भराव धरणासारखा उभा दिसतो. आणि बांधाखाली मोरी असते, पण वरून दिसत नाही म्हणून बांध अभेद्य वाटतो.

पूल कापा: वरच्या आणि खालच्या बाजूच्या पात्राची उंची घेऊन मधल्या पिक्सेलना सरळ उताराने द्या. व्हाइटबॉक्स टूल्स या सॉफ्टवेअरमधलं 'ब्रीच डिप्रेशन्स' (खड्ड्यांना वाट कापून देणारं साधन) हे आपोआप करतं, पण ते पूल आणि पूरबांध यांत फरक करत नाही. संपूर्ण रास्टरवर चालवलं तर बांधामागचा सखल भाग त्याला खड्डाच वाटतो आणि बांधाला सुबक भोक पाडून मिळतं. मग सांडपातळी शोधण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे पूल हाताने कापा, १८ किमीत किती पूल असणार!

मोऱ्यांची यादी वेगळी करा. प्रत्येक मोरीला तीन नोंदी: तळाची उंची, व्यास, नदीकडच्या तोंडाला झडप आहे का. झडप असेल आणि चालू असेल तर बांध बंद धरा. झडप नसेल तर पाणी माथ्याची वाट बघत नाही, मोरीच्या तळाच्या पातळीलाच मागच्या दाराने आत येतं. मग तुमची उडी ७.५ च्या पुढे सरकायच्या ऐवजी खूप आधी येईल.

गेजचा शून्य आणि लायडार एकाच उभ्या डेटमवर (उंची जिथून मोजतात त्या शून्यावर) आहेत ना, तेवढं तपासा. जीपीएसने मोजलेली उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, गेजचा शून्य सहसा समुद्रसपाटीपासूनचा. फरक दहा-वीस मीटरचा असेल तर लगेच कळतो. तीस-चाळीस सेंमीचा असेल तर तो फार त्रास देतो, कारण नकाशा पटण्यासारखा दिसतो.

---

उभाछेद

खूप उपयोग झाला. तिरका पृष्ठभाग केला, बांधाचा माथा १ मीटरवरून चढवला, दोन पूल कापले. बांधाखाली चार नळमोऱ्या आहेत, चारही झडपेच्या. त्याच ६ किमीतले नवे आकडे: ७.० ला १०.४ चौ. किमी, ७.५ ला ११.२, ८.० ला १९.९. ५ सेंमीच्या पायऱ्यांवर सांडपातळी ७.८० निघाली. माथ्याचा सखल भाग साधारण ४० मी लांब आहे आणि त्यामागे ८.१ चौ. किमी भरतं, सरासरी खोली १.१ मी.

म्हणजे ८.० च्या नकाशात बांधामागचा सगळा भाग ओला दाखवायचा, बरोबर?

---

दीडघात

थांबा. नकाशा फक्त 'वाट उघडी आहे' एवढं सांगतोय. तितकं पाणी आत येतं का ते बघा.

माथ्यावरून जाणारा विसर्ग रुंद माथ्याच्या बंधाऱ्याच्या सूत्राने काढता येतो: १.७ × लांबी × माथ्यावरच्या पाण्याच्या उंचीचा दीड घात. लांबी ४० मी, पाणी ७.८० वरून ८.० म्हणजे ०.२० मी. ०.२० चा दीड घात ०.०८९. विसर्ग ६.१ घनमीटर प्रति सेकंद. पूर या पातळीला ६ तास टिकला तर आत आलेलं पाणी साधारण १ लाख ३१ हजार घनमीटर. ८.१ चौ. किमीवर सारखं पसरलं तर जेमतेम १.६ सेंमी.

तुमच्या नकाशात बांधामागे ८.१ चौ. किमी × १.१ मी म्हणजे ८९ लाख घनमीटर आहे. या विसर्गाने ते भरायला १७ दिवस लागतील.

अजून एक. सापेक्ष रास्टरमुळे बांधामागचं पाणीही नदीला समांतर तिरकं दिसतं. प्रत्यक्षात आत आलेलं पाणी उताराने खालच्या टोकाला जाऊन सपाट साचतं. म्हणजे आतल्या वरच्या भागात नकाशा पाणी जास्त दाखवतो आणि खालच्या कोपऱ्यात, बांधाला टेकून, कमी. लोक तिथेच अडकू शकतात, त्यामुळे ही चूक किरकोळ नाही.

बांधामागच्या भागाचा वेगळा तक्ता करा: पातळी आणि तिच्याखाली मावणारं घनफळ, सपाट पातळी धरून, मूळ उंचीच्या रास्टरवर, दर १० सेंमीला. क्यूजीआयएसमधलं 'रास्टर सरफेस व्हॉल्यूम' चालेल. १ लाख ३१ हजार घनमीटर ज्या पातळीला मावतं ती आतली पातळी. तेवढाच भाग ओला दाखवा.

बांध फुटला तर गोष्ट पूर्ण वेगळी. मातीच्या माथ्यावरून पाणी गेलं की मागचा उतार खरवडला जातो आणि भगदाड पडू शकतं, मग तासाभरात चित्र बदलतं. ते पातळीच्या नकाशात दाखवता येत नाही, त्यासाठी हेक-रास या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये द्विमितीय मॉडेल लावा, बांधाच्या माथ्यावर ब्रेकलाइन (मॉडेलच्या जाळीच्या कडा माथ्यावर बसवणारी रेषा) टाकून. बांधाबाहेरच्या भागाला मात्र तुमची आत्ताची पद्धत पुरेशी आहे, तिथे मॉडेलचा खटाटोप करू नका.

---

कर्णरेषा

दीडघात यांच्या मुद्द्याला दुजोरा, एक भर घालून: सांडपातळीत १० सेंमीची चूक असेल तर माथ्यावरचं पाणी ०.२० ऐवजी ०.३० होतं आणि विसर्ग ६.१ वरून ११.२ वर जातो. माथ्याचा तो ४० मीटरचा तुकडा लायडारवर सोडू नका, सर्वेक्षणाच्या लेव्हल यंत्राने मोजून घ्या.

बाकी क्षेत्रफळाबद्दल फार घाबरायचं कारण नाही. तपासबिंदूंवर रास्टरची उंचीची चूक १५ सेंमी (आरएमएसई, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) असेल तर ९५ टक्क्यांची मर्यादा ±२९ सेंमी. त्या हिशोबाने ५० सेंमीने वेगळ्या दोन पातळ्यांच्या कडा पूर्ण सुट्या होत नाहीत, त्याला ५९ सेंमी लागतात. म्हणून एखादं घर ७.० च्या आत की ७.५ च्या, हे छातीठोकपणे सांगू नका. एकूण क्षेत्रफळात मात्र सुट्या चुका एकमेकींना बऱ्याच खातात. खात नाही ती एकाच दिशेची चूक, उदाहरणार्थ दाट गवतामुळे सगळं पूरमैदान १० सेंमी उंच आलेलं असणं.

---

उभाछेद

समजलं. बांधाबाहेर पातळीवरून, आत घनफळावरून. आता ९ पॉलिगॉन एकावर एक ठेवतोय, पण गुळगुळीत केल्यावर काही ठिकाणी ७.५ ची कड ८.० च्या बाहेर येते. आणि उपग्रह चित्राशी पडताळणी कशी करावी?

---

आडवाछेद

९ पॉलिगॉन ठेवूच नका. एकच रास्टर करा, ज्यात प्रत्येक पिक्सेलला 'गेज किती असताना इथे पहिल्यांदा पाणी लागतं' तो आकडा असेल. नऊ निकालांमध्ये ओल्या पिक्सेलला ती पातळी आणि कोरड्याला नल देऊन ग्रासच्या आर-सिरीजने प्रत्येक पिक्सेलची किमान घ्या. कडा एकमेकींना ओलांडूच शकत नाहीत. क्षेत्रफळ तिथूनच: ५ मीटरचा पिक्सेल २५ चौ. मी, म्हणजे १ चौ. किमीला ४० हजार पिक्सेल. रास्टर मीटरच्या प्रक्षेपणात हवं, अंशांमध्ये असेल तर हा गुणाकार निरर्थक. गुळगुळीतपणा फक्त छापायच्या प्रतीत करा, क्षेत्रफळ कधीही त्यावरून काढू नका.

पडताळणीला सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार चित्र घ्या, ढगांची अडचण नाही. तुलना चित्र घेतलं त्या तासाच्या गेजशी करा, पुराच्या कमाल पातळीशी नाही. दोन्हीकडे ओलं ९.२ चौ. किमी, फक्त नकाशात १.८, फक्त चित्रात १.० असेल तर सीएसआय (जुळणीचा गुण: दोन्हीकडचं ओलं भागिले तिन्हींची बेरीज) ९.२ भागिले १२.०, म्हणजे ०.७७. पण या एका आकड्यावर खूश होऊ नका. काठ उभा असेल तिथे पातळी मीटरभर चुकली तरी कड हलत नाही आणि गुण चांगलेच मिळतात. सपाट बाजूचा तुकडा वेगळा काढून तिथलाच सीएसआय बघा. झाडांखालचं आणि घरांमधलं पाणी रडारला बहुधा काळं दिसत नाही, उलट उजळ दिसू शकतं, आणि वाऱ्याने लाटा उठल्या की मोकळं पाणीही जमिनीसारखं दिसतं. ते भाग आधी मास्क करा, म्हणजे तुलनेतून वगळा.

---

मोरीखालचा

बांधामागच्या ८.१ चौ. किमीपैकी घनफळाने ओला न ठरलेला भाग नकाशात कोरा सोडू नका, तिरप्या रेघा द्या आणि सूचीत लिहा: 'नदीच्या पातळीखालची जमीन, बांध शाबूत असेपर्यंत कोरडी'. रेघा ७.८० पासून नव्हे, तिथल्या जमिनीपेक्षा नदी वर चढते त्या पातळीपासून सुरू करा. आर-क्लम्पने उडवलेल्या गटांमध्ये हाच भाग पडलेला असतो, त्यामुळे ते गट पुसायच्या आधी जपून ठेवा.